टोच मारणाऱ्या कावळ्यापासून सुरुवात करा

भांडुपहून एका आईचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग देते.

‘माझा मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची. मुलाला पक्ष्यांची गोडी लागावी म्हणून मी ऐंशी फ्लॅशकार्डांचा संच आणला. त्याला टूकन, मकॉ, पेंग्विन, शहामृग सगळं घडाघडा येतं. पण गेल्या महिन्यात खाली क्रिकेटला जाताना सोसायटीच्या गेटपाशी त्याच्या डोक्यात कावळ्याने टोच मारली. रक्त आलं नाही, पण तेव्हापासून तो बाल्कनीत पाऊल टाकत नाही. सासूबाईंनी कावळा शिवला म्हणून त्याला डोक्यावरून अंघोळ घातली, त्याने तो आणखीच घाबरला. त्या दोघांना रोज चिऊ-काऊच्या गोष्टी सांगतात. अशा गोष्टींमुळे मुलांच्या डोक्यात भलतंच काही बसेल असं मला वाटतं. मला त्यांना शास्त्रीय पद्धतीने शिकवायचंय. गोष्टी बंद करू का? आणि रविवारी त्यांना पक्षी दाखवायला कुठे नेऊ? ता. क. परवा मीठ-हळद लावून ओट्यावर ठेवलेली सुरमईची तुकडीही ग्रिलमधून कावळ्यानेच पळवली.’

ताई, सुरमईचं वाईट वाटलं. सध्याचे भाव बघता तर फारच.

पण एक सांगू? तुमच्या लेकाला शिकवायला एक पक्षी आपणहून चालून आला, चक्क त्याच्या डोक्यावर आला, आणि तुम्ही त्याला दक्षिण अमेरिकेतला टूकन दाखवताय. ती कार्डं महिनाभर माळ्यावर टाका. फेकू नका, पुढे कामाला येतील. आता फक्त कावळा.

मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी मे-जूनमध्ये ‘बाई, मला कावळ्याने मारलं’ म्हणणारी चार-पाच पोरं तरी वर्गात असायचीच. कारण एकच. मुंबईतल्या कावळ्यांचा हा विणीचा काळ असतो. साधारण एप्रिलपासून ते घरटी बांधायला घेतात, पावसाच्या तोंडावर पिल्लं असतात, आणि त्या दिवसांत घरट्याखालून जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी चोर असतो. तुमच्या गेटपाशी झाड असणार, आणि त्यावर घरटं असणार. मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणून काही होणार नाही. टोच बसली ती खरीच आहे. त्यापेक्षा त्याला विचारा, ‘तो कावळा तुलाच का बरं मारायला आला असेल? त्याचं घर कुठे आहे ते शोधू या का?’ भ्यालेल्या मुलाला तपासाचं काम दिलं की भीती पळून जात नाही, पण दुसऱ्या नंबरावर जाते.

हा तपास खाली जाऊन करायचा नाही, खिडकीतूनच करायचा. चोचीत काडी किंवा घास धरलेला कावळा सहसा उगाच भटकत नाही. तो कुठे दिसेनासा होतो ते बघत राहायचं. दोन-तीन दिवस रोज पंधरा मिनिटं दिलीत तर पानांमध्ये काड्यांचा तो गबाळा ढीग सापडेल. नीट बघा, मुंबईतल्या घरट्यात काड्यांबरोबर तारांचे तुकडे हमखास असतात. सापडलं की मुलाला एक साधी वही द्या आणि तीन रकाने आखून द्या: वेळ, काय दिसलं, मला काय वाटतं. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे ठेवायचे, ही माझी एकच अट. ‘कावळा झाडावर बसून ओरडला’ हे दिसलं. ‘मला शिव्या देत होता’ हे वाटलं. मोठमोठ्या माणसांना हा फरक आयुष्यभर जमत नाही, तो सातव्या वर्षी वहीत आला तर विज्ञान आणखी वेगळं काय शिकवायचंय?

खाली जाताना छत्री उघडून न्यावी. कावळा मागून झेप घेतो, समोरून तोंडावर सहसा येत नाही. आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने जुन्या टोपीच्या मागच्या बाजूला खडूने दोन मोठे डोळे काढले होते. कावळ्याला वाटावं, हा आपल्याकडेच बघतोय. त्याचा दावा होता की उपयोग झाला. तो तीनदाच गेला होता, त्यामुळे माझा निकाल राखीव. तुमच्या लेकाला कल्पना आवडली तर करू दे, पण पहिला प्रयोग त्याच्या बाबांच्या डोक्यावर.

आता सासूबाईंच्या गोष्टी. बंद अजिबात करू नका. अहो, ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ करत आपण सगळे जेवायला शिकलो. त्याने कुणाचं विज्ञान बिघडलं? गोष्ट ऐकून झाल्यावर कुणीच काही विचारत नाही, बिघडतं ते तिथे. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पावसात काऊचं वाहून गेलं. बरं, मग आपल्या गेटवरच्या काऊचं घर कशाचं आहे? शेण दिसतंय का? पाऊस आला की ते खरंच वाहून जातं का? हे वहीत येईल, जूनमध्ये उत्तरही मिळेल. आणि चिऊचं? चिमणी काही मेण आणत नाही. भिंतीतलं भोक, पत्र्याखालची फट, मीटरबॉक्सच्या मागची जागा बघून त्यात ती गवत, कापूस, पिसं कोंबते. नव्या इमारतींना अशा फटीच नसतात. चिमण्या का दिसत नाहीत याचं एक कारण तुमच्या गुळगुळीत बाह्यभिंतीवरच आहे. एकदा मुलालाच म्हणा, हीच गोष्ट कावळ्याच्या बाजूने सांग. चार वर्षांची धाकटी त्यात चिऊ होऊन आतून ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ म्हणेल आणि दार काही उघडणार नाही. रंगेल खेळ.

हुशार कावळ्याची गोष्ट तर प्रयोगच आहे, फक्त आपण तो कधी करून बघत नाही. काचेची सरळ बरणी घ्या. कुंडीतले सुपारीएवढे खडे धुऊन घ्या. बरणी अर्धी पाण्याने भरा, मुलाला एकेक खडा टाकू द्या, बरणीवर स्केचपेनने खुणा करू द्या. पाणी चढत चढत काठाला येईल, टाळ्या वगैरे होतील. मग बरणी रिकामी करा आणि या वेळी पाव भागच पाणी घाला. पुन्हा खडे. बरणी खड्यांनी काठोकाठ भरेल, तरी पाणी खालीच राहील! पोरगं तुमच्याकडे बघेल, तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. चहा टाका, भाजी निवडा. बऱ्याच वेळाने तोच म्हणेल की पाणी खड्यांच्या मधे जाऊन बसलं. म्हणजे गोष्टीतल्या कावळ्याला मडक्यात पुरेसं पाणी मिळालं हे त्याचं नशीब. फार थोडं असतं तर जंगलभरचे खडे टाकून तहानलेलाच राहिला असता. माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, खड्यांऐवजी वाळू टाकली तर?’ मी तिला बरणी दिली. तुम्हीही तेच करा.

आणि हे गोष्टीपुरतंच नाही. २००९ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी रूक नावाच्या, कावळ्याच्याच कुळातल्या पक्ष्यांपुढे पाण्याची उभी नळी ठेवली आणि पाण्यावर अळी तरंगत सोडली. चोच पोचेना. शेजारी दगड ठेवलेले होते. त्यांनी ते टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. हे सासूबाईंना आवर्जून सांगा. गोष्ट त्यांची, दाखला विज्ञानाचा.

आपला कावळाही काही कमी नाही. ग्रिलमध्ये पसरट भांड्यात पाणी ठेवा, शेजारी वाळलेल्या पावाचा एक तुकडा. एकच, रोज नको. पुष्कळदा कावळा पाव उचलून पाण्यात बुडवतो, थोडा थांबतो, मऊ झाला की खातो. आपण चहात बुडवतो तसाच. तुमचा लेक दाराच्या फटीतून का होईना, हे बघेल. बाल्कनीत यायला त्याला मग फार दिवस लागणार नाहीत. (पाणी रोज बदला आणि भांडं घासा. दाणे मात्र टाकू नका, नाहीतर आठवड्याभरात कावळा राहील बाजूला आणि पारवे संसार थाटतील. कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये मुंबईत जे रामायण झालं ते आठवत असेलच. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीचा फुप्फुसांना त्रास होतो, तेव्हा त्या बाबतीत मी कठोर आहे.)

अंघोळीचं काय, असं तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण पत्रात ते आहे. सासूबाईंशी भांडू नका. फक्त मुलाच्या समोर हसत हसत विचारा, ‘आई, भाद्रपदात आपण गच्चीवर पान ठेवून काव काव करत ज्याला बोलावतो, तो हाच ना?’ पितृपक्षात तो शिवावा म्हणून ताटकळायचं आणि वैशाखात शिवला म्हणून अंघोळ, यातली गंमत त्यांनाही कळेल. जुन्या बायका आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप बघून असतात. कोकणातल्या असतील तर कावळ्याने घरटं शेंड्यावर बांधलं की आत, यावरून पावसाचा अंदाज कसा करायचे ते विचारा. मुलाने त्यांचं भाकीत तारखेसकट लिहून ठेवावं आणि सप्टेंबरमध्ये ताडून बघावं. एका वर्षाच्या वहीवरून हवामान खात्याशी भांडायला मात्र जाऊ नये.

आता खरी रहस्यकथा. तुमच्याकडे पहाटे कोकीळ ओरडत असणारच. मुलाला विचारा, कोण गातंय? तो ‘कोकिळा’ म्हणेल. आपण सगळेच म्हणतो. प्रत्यक्षात कुहू कुहू करतो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती गात नाही, किक् किक् असं काहीतरी ओरडते. तिला घरटं बांधता येत नाही, ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. म्हणजे गेटवरच्या त्या घरट्यात, ज्याच्यापायी तुमच्या लेकाला टोच बसली, दुसऱ्याच कुणाचं तरी पोर वाढत असण्याची शक्यता आहे. कावळे कोकिळाच्या मागे लागलेले दिसले तर ते वहीत यायलाच हवं. नर कावळ्यांना दूर पळवतो आणि तेवढ्यात मादी कार्यभाग उरकते, असं पुष्कळांनी पाहिलंय. गोष्टीत कावळा लबाड आणि कोकिळा गोड. झाडावर मात्र बिचारा कावळा दिवसभर घास आणून परक्याला भरवतोय. सात वर्षांचं मूल हे ऐकून गप्प होतं, मी बघितलंय.

नावांची घाई करू नका. पण करायचीच तर मराठी नावांपासून करा, कारण आपल्या लोकांनी नावं ठेवताना पक्षी बघून ठेवली आहेत. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा टुक टुक करतो तो तांबट. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. पाण्याकाठी शेपूट आपटत हिंडतो तो धोबी. पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणतो तो पावशा. शेपटीखाली लाल असलेला तो लालबुड्या बुलबुल, आणि या नावाला हसलं नाही असं मूल मला भेटायचंय. आवाज ओळखणारी ॲप आली आहेत, मर्लिन त्यातलं चांगलं. पण आधी मुलाने अंदाज करायचा, मग फोन बाहेर काढायचा.

‘चिमणी उड, कावळा उड’ खेळता ना? त्यात मधेच ‘वटवाघूळ उड’ टाका. बोटं वर जातील, मग वाद घाला: उडतं, पण पक्षी आहे का? ‘घार उड’ म्हणा. ती उडते की नुसती तरंगते? दुपारी गच्चीवर नेऊन दाखवा, मिनिटभरात किती वेळा पंख हलवले ते मोजायला लावा. कधी शून्य येतं. तापलेली हवा वर चढते आणि घार तिच्यावर स्वार होऊन फुकट फिरते.

तुमच्याकडे मासे-मटण चालतं हे सुरमईने सांगितलंच, म्हणून माझा सगळ्यात आवडता धडा सांगते. चिकनवाल्याकडून कोंबडीचा एक अख्खा पाय आणा, पंजासकट, घोट्यावर कापलेला. गरम पाण्याने धुवा. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्या दिसतील, त्या कंडरा. मागच्या बाजूची जाड दोरी चिमट्यात धरून ओढा. पंजा मिटतो! सोडली की सैल होतो. मुलाच्या करंगळीभोवती मिटवून दाखवा, किंचाळेल आणि पुन्हा म्हणेल. मग सांगा, पक्षी फांदीवर बसला की पाय दुमडतो, दुमडला की ही दोरी ताणली जाते आणि बोटं फांदी धरून ठेवतात, झोपेत तो पडत नाही याचं हे एक कारण मानतात. आणखी एक, पक्ष्याचा गुडघा मागे वळतो असं आपल्याला वाटतं, तो गुडघा नसतोच, ती टाच. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पक्षी सगळा वेळ चवड्यांवर चालतो. घरभर दोन्ही मुलांना तसं चालवा. आधी हात मात्र साबणाने धुवायला लावा.

त्याच दुकानातून एक मोठं पीसही आणा. रस्त्यातली, खिडकीतली उचलू नका. ते उलट्या बाजूने चोळून फिसकटवा, मग दोन बोटांत धरून खालून वर ओढा. पुन्हा सलग होतं, चेन लावल्यासारखं. भिंगातून त्याचे बारीक तंतू दिसतील. एकमेकांत अडकणारे आकडे त्याहून बारीक असतात. पक्षी तासन् तास चोचीने पिसं साफ करत बसतो तो नट्टापट्टा नसतो, चेन लावत असतो.

रविवारी कुठे न्यावं? ताई, तुम्ही भांडुपला राहता! मुंबईतले पक्षीवेडे पहाटे उठून भांडुप पंपिंग स्टेशनला येतात. खाडी, खारफुटी, मिठागरं, सगळं तुमच्या दारात आहे. आता मे अर्धा सरला, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, परतीला लागले असतील, तेव्हा ते पुढच्या हिवाळ्यावर ठेवा. तेव्हा मात्र माझ्यासारखं करू नका. मी एकदा चाळीस मुलं घेऊन शिवडीला रोहित दाखवायला गेले. शनिवार बघितला, बस बघितली, वडापाव मोजले, भरती बघितली नाही. पोचलो तेव्हा पाणी काठोकाठ. रोहित चिखलात, उथळ पाण्यात चरतात, डोकं उलटं करून चोचीने चिखलपाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ खातात. चिखलच बुडाला तर ते तिथे कशाला थांबतील? मुलांनी चाळीस वडापाव खाल्ले आणि दूरवर एक गुलाबी रेघ बघितली. सोबत आलेल्या एका मुलाच्या कोळी आजीने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘बाई, तिथी नाही बघितली?’

तिने सांगितलेला हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, नऊच्या सुमारास ओहोटी. सकाळी जायला उत्तम. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला, मुलांना नेऊ नका. अंदाजच आहे, पण कॅलेंडर समोर ठेवून मुलाला पाऊणकीचा पाढा शिकवायला याहून चांगलं निमित्त सापडणार नाही. रोहितांचा गुलाबी रंग त्या शेवाळातूनच येतो, हेही तेव्हाच सांगा. घरी आल्यावर गाळणी, चिमटा, अडकित्ता आणि स्ट्रॉ अशी चार हत्यारं ताटाभोवती ठेवा आणि कुठली चोच कुणाची ते ओळखायला लावा. अडकित्ता पोपटाचा, एवढं मी सांगते. माळ्यावरची कार्डं या खेळाला खाली काढा.

पावसाळ्यात कधी काळा घोड्याकडे जाणं झालं तर हॉर्नबिल हाऊस बाहेरून का होईना दाखवा. १८८३ साली सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं ते घर. मुंबईतलाच एक मुलगा, सालिम नावाचा, छर्‍याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी घेऊन या संस्थेत गेला होता, कारण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि घरात कुणालाच ती कुठली ते सांगता येईना. ते पुढे प्रसिद्ध पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली झाले. मुलाला बंदुकीचा भाग खुपेल, खुपू दे, त्यावर बोला.

एक राहिलं. महिन्याभरात झाडाखाली एखादं पिल्लू धडपडताना दिसेल. उचलून घरी आणू नका, बहुतेकदा ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप वरून बघत असतात. मांजर घुटमळत असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून ते त्याला टाकत नाहीत. छत्री तेवढी विसरू नका. आणि सोसायटीत पावसाआधी फांद्या छाटायला माणसं येणार असतील तर लेकाला सेक्रेटरीकडे घेऊन जा, वहीसकट. घरटं कुठल्या फांदीवर आहे हे त्या इमारतीत त्याच्याइतकं नेमकं कुणाला माहीत नसेल.

पुढच्या पत्रात त्याच्या वहीचं एक पान पाठवा. तुमच्या पत्रावरून मला अजून एक गोष्ट कळलेली नाही: टोच मारणाऱ्याची मान राखाडी होती की अख्खा काळा होता? राखाडी असेल तर तो साधा गावकावळा, अख्खा काळा आणि जाड चोचीचा असेल तर डोमकावळा. त्याला विचारा. आठवत नसेल तर खिडकीतून बघून सांगेल.